बर्फावरील पंचेचाळिसावा

गडहिंग्लजच्या पेठेंत ‘बर्फ’ हा शब्द कानीं पडला तर डोळ्यांपुढें उभी राहते ती भुशांत झांकलेली बर्फाची लादी, किंवा चैत्रांतल्या उन्हांत हातीं येणारा सरबताचा पेला. आकाशांतून पडणारा बर्फ म्हणजे वळवाच्या गारा. त्याहि मुलांनीं अंगणांतून वेंचीपर्यंत वितळून जातात. हिरण्यकेशीच्या कांठच्या ह्या गांवाला हिमाचा परिचय नाहीं. परंतु खेळाची पारख मात्र जुनी आहे. सारा कोल्हापूर जिल्हा तांबड्या मातींत रमला असतां गडहिंग्लजनें फुटबॉलशींहि सूत जमविलें, आणि फुटबॉलचें गांव म्हणून महाराष्ट्रांत त्याची ओळख झाली. खेळाडूची चाल जोखणें, त्याचा दम ओळखणें, हरलेल्या सामन्यांतहि कोण मन लावून खेळला हें पाहणें, ह्या गोष्टी येथल्या माणसाला शिकवाव्या लागत नाहींत. ज्या खेळाचें मैदान त्यानें कधीं पाहिलेलें नाहीं, त्या खेळाचा न्याय करण्याचा अधिकारहि म्हणूनच त्याला आहे. मैदान नवें असलें तरी माणसाची कसोटी जुनीच असते.

१३ फेब्रुवारी २०२२ रोजीं चीनमधील बीजिंगजवळच्या येन्किंग येथील पर्वतावर हिवाळी ऑलिंपिकमधील पुरुषांची ‘जायंट स्लालम’ नांवाची शर्यत झाली. बर्फाच्या उतारावरून पायांस लांब पट्ट्या बांधून, रोंवलेल्या निशाणांच्या मधून वळणें घेत खालीं यावयाचें, अशी ही शर्यत. स्वित्झर्लंडच्या मार्को ओडेरमाट ह्यानें ती जिंकली. निकालाच्या तक्त्यांत पंचेचाळिसाव्या ओळींत एक नांव होतें, आरिफ महंमद खान, भारत. त्या वर्षींच्या हिवाळी ऑलिंपिकमध्यें भाग घेणारा भारताचा हा एकुलता एक खेळाडू. एकशें चाळीस कोटींच्या देशाचा एक माणूस, आणि त्याचा क्रमांक पंचेचाळिसावा! ह्या आंकड्याबद्दल मान खालीं घालावी की वर करावी, हा प्रश्न साहजिकच उभा राहतो. त्याचें उत्तर देण्यापूर्वीं हा खेळ काय आहे, तो माणूस कोठून आला आणि त्या दिवशीं काय घडलें, हें नीट पाहिलें पाहिजे.

‘स्की’ हा शब्द नॉर्वेकडचा. त्याचा मूळ अर्थ लांकूड फाडून काढलेली फळी. सहा-सहा महिने हिमानें झांकलेल्या मुलखांत शेजारच्या घरीं जावयाचें तरी पायांस फळ्या बांधाव्या लागत. शिकारी, टपालवाले आणि शिपाई ह्यांचें हें वाहन. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तें आल्प्स पर्वतांत गेलें आणि त्याचा खेळ झाला. सपाट मुलखांत चालण्यासाठीं जन्मलेल्या ह्या फळ्या आल्प्सच्या उभ्या कड्यांवरून उतरण्याच्या कामीं आल्या, म्हणून ह्या शाखेस ‘अल्पाइन’ हें नांव मिळालें. निशाणांच्या मधून वळणें घेण्याच्या शर्यतीस आजचें रूप दिलें तें आर्नल्ड लन ह्या इंग्रज गृहस्थानें, १९२२ साली, स्वित्झर्लंडमधील म्यूरेन ह्या गांवीं. हे लनसाहेब १८८८ साली जन्मले ते आपल्या मद्रास शहरांत! उष्ण देशांत जन्मलेल्या माणसानें बर्फाच्या खेळाचे नियम घालून द्यावेत, ही दैवाची गंमतच म्हणावयाची. हिवाळी ऑलिंपिक १९२४ साली शामोनी येथें सुरू झालें, त्यांत अल्पाइन शर्यतींस प्रवेश मिळाला १९३६ साली, आणि जायंट स्लालम ही शर्यत प्रथम झाली १९५२ साली, ओस्लो येथें. १९५२ हें वर्ष कोल्हापूरकरांना वेगळ्या कारणानें पाठ आहे. तें कारण पुढें येईलच.

ह्या शर्यतींचे मुख्य प्रकार चार. सर्वांत वेगाची ती ‘डाउनहिल’, म्हणजे सरळ उतारशर्यत. पुरुषांच्या ऑलिंपिक उतारशर्यतींत माथा आणि पायथा ह्यांच्या उंचींत निदान आठशें मीटरांचें अंतर असावें लागतें. गडहिंग्लजहून आजऱ्यावरून आंबोलीस गेलेल्या प्रवाशानें घाटमाथ्यावर उभें राहून खालचें कोकण पाहिलें असेल. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारें ६९० मीटर उंच आहे; तेव्हां आंबोलीपासून थेट समुद्राच्या पाण्यापर्यंत उतरलें तरी एक उतारशर्यत पुरी होत नाहीं. आणि हा उतार पट्टीचे खेळाडू दोन मिनिटांच्या आंतबाहेर उतरून जातात. दुसरा प्रकार ‘सुपर जी’, तिसरा ‘जायंट स्लालम’ आणि चौथा ‘स्लालम’. ह्या क्रमानें उतार लहान होत जातो, निशाणें जवळ जवळ येत जातात आणि वेगापेक्षां वळणाची कला अधिक लागते. जायंट स्लालमचा उतार अडीचशें ते साडेचारशें मीटरांचा. म्हणजे पन्हाळ्याच्या माथ्यावरून कोल्हापूरच्या सपाटीपर्यंत, असें म्हटलें तरी चालेल. वाटेवर लाल आणि निळ्या कापडांचीं फाटकें आळीपाळीनें उभीं असतात. चारशें मीटरांच्या उतारावर अशीं वळणें चव्वेचाळीस ते साठ भरतात. एक फाटक जरी चुकलें तरी खेळाडू बाद.

वळण घेणें म्हणजे काय, हें घाटांत मोटार हांकणारा चालक चांगलें सांगूं शकेल. नवखा माणूस वळण समोर आल्यावर चाक फिरवतो. मुरलेला चालक वळणाच्या आधींच गाडीची तोंडमिळवणी करून ठेवतो आणि वळण संपतां संपतां वेग पुन्हा हातांत घेतो. स्कीवरील खेळाडूचें तेंच. फाटक दिसल्यावर वळावयास लागला तो उशीर झालाच. त्याचें वळण फाटकाच्या वरच सुरू व्हावें लागतें. फरक इतकाच की, त्याच्यापाशीं गतिरोधक नाहीं आणि चाकहि नाहीं. दोनही पायांखालच्या पट्ट्या, त्यांची पोलादी धार, आणि गुडघ्यांपासून कंबरेपर्यंतचें बळ, एवढाच त्याचा सरंजाम. जायंट स्लालमच्या पट्ट्या पुरुषांसाठीं निदान १९३ सेंटिमीटर लांब असाव्या लागतात. म्हणजे उंच माणसाच्या डोक्यावरून जाणाऱ्या. वळतांना पट्टी धारेवर उभी करावयाची आणि शरीर आंतल्या बाजूस इतकें झुकवावयाचें की, हात बर्फास लागावा. धार बर्फांत रुतून रेघ ओढीत गेली तर वेग टिकतो; ती आडवी घसरली तर वेग सांडतो. शेंकडांश सेकंदांचा हिशेब ह्या एका गोष्टींत आहे.

ह्या शर्यतीची आणखी एक रीत ध्यानांत घेण्याजोगी आहे. फाटकें नवीन मांडलेलीं असतात, आणि त्या मांडणीवरून आधीं एकदांहि धांवून पाहण्याची मुभा नसते. सकाळीं खेळाडूंना वाट न्याहाळतां येते. ते कडेकडेनें सावकाश घसरत खालीं येतात आणि एकेक वळण पाठ करतात. मग माथ्यावर उभे राहून, डोळे मिटून, हातांनीं हवेंत वळणें काढीत मनांतल्या मनांत शर्यत धांवतात. कीर्तनकारानें उभें राहण्यापूर्वीं आख्यान मनांत घोळवावें, तसा हा प्रकार. अशा दोन फेऱ्या एकाच दिवशीं होतात. दुसऱ्या फेरीसाठीं फाटकें पुन्हा नव्यानें मांडतात, आणि दोन्ही फेऱ्यांच्या वेळेची बेरीज ज्याची कमी तो विजयी. पहिल्या फेरींत नांवाजलेले खेळाडू आधीं सुटतात. मागाहून येणाऱ्यांच्या वांट्यास त्यांनीं उकरलेली, चऱ्या पडलेली वाट येते. ज्याचें बळ कमी, त्यालाच वाट अधिक खडतर मिळावी, असा हा नियम आहे.

आतां भारताकडे वळूं. जगांतील सर्वांत उंच हिमपर्वत ज्याच्या उशाशीं आहे, त्या देशानें हिवाळी ऑलिंपिकमध्यें पहिलें पाऊल टाकलें तें १९६४ साली, इन्सब्रुक येथें. आणि तेंहि पोलिश कुळांत जन्मलेल्या जेरेमी बुजाकोव्स्की ह्या एका माणसाच्या पायांनीं. १९६८ साली ग्रनोबल येथें तोच पुन्हा उतरला. त्यानंतर १९८८ पर्यंत, वीस वर्षें, शांतता. १९८८ साली कॅल्गरी येथें गुल देव, किशोर राय आणि शैलजा कुमार हे तिघे गेले. हिवाळी ऑलिंपिकमध्यें उतरलेली शैलजा कुमार ही पहिली भारतीय स्त्री. पुढें शिवा केशवन ह्या हिमाचली तरुणानें १९९८ पासून २०१८ पर्यंत सहा वेळां बर्फावरच्या घसरगाडीच्या स्पर्धेंत भारताचा झेंडा नेला. पदक कोणासहि मिळालें नाहीं. ज्यांनीं वाट काढली त्यांच्या मागें वाट मोठी झाली नाहीं, हेंच ह्या इतिहासाचें दुःख.

काश्मिरांतील गुलमर्ग येथें बर्फावर घसरण्याचा खेळ ब्रिटिशांनीं आणला. तेथें १९२७ साली स्की क्लब स्थापन झाला. स्वातंत्र्यानंतर सरकारनें तेथें शिक्षणसंस्था काढली, १९९८ मध्यें पाळण्यांचा दोरमार्ग सुरू झाला, आणि २००५ मध्यें तो अफरवटच्या उंच उतारांपर्यंत नेला. गुलमर्गच्या पायथ्याशीं तंगमर्ग आहे. त्याच परिसरांत १९९० साली आरिफ खानचा जन्म झाला. वडिलांचें गुलमर्ग येथें स्कीच्या सामानाचें दुकान. कुंभाराच्या पोरानें चिखलाशीं खेळावें तसा हा मुलगा चौथ्या वर्षीं फळ्यांवर उभा राहिला. तो काळ काश्मिरांत अशांततेचा, प्रवासी तुरळक येत, दुकानांचे दरवाजे कधीं उघडे तर कधीं बंद. बर्फ मात्र दरसाल नेमानें पडत होता, आणि ह्या मुलाची शाळा तीच होती. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांत त्यानें स्लालम आणि जायंट स्लालम ह्या दोहोंत सुवर्णपदकें मिळविलीं. पुढें तो जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतींत उतरूं लागला.

परंतु ऑलिंपिकचें दार हौसेनें उघडत नाहीं. आंतरराष्ट्रीय स्की संघटनेनें मान्य केलेल्या शर्यतींत धांवून गुण मिळवावे लागतात, आणि येथें गुण जितके कमी तितका खेळाडू थोर. अशा शर्यती बहुतेक युरोपांत होतात. गुलमर्गचा हंगाम उणापुरा तीन-चार महिन्यांचा. उरलेल्या दिवसांत सराव करावयाचा तर ऑस्ट्रिया, इटली, स्वित्झर्लंड येथल्या हिमनद्यांवर जावें लागतें. प्रवासखर्च, राहणें, शिक्षक, पट्ट्यांना धार लावून मेण चढविणारा कारागीर, प्रत्येक गोष्टीस पैसा. २०१८ च्या ऑलिंपिकची संधि आरिफ खानच्या हातून गेली ती पाय कमी पडल्यामुळें नव्हे, पैसा कमी पडल्यामुळें. पुढल्या खेपेस सरकारचें आणि खासगी संस्थांचें साह्य मिळालें. नोव्हेंबर २०२१ मध्यें दुबई येथील छपराखालच्या कृत्रिम बर्फावर त्यानें स्लालमची पात्रता मिळविली, आणि डिसेंबरांत माँटेनेग्रो देशांत जायंट स्लालमची. हिमालयाच्या मुलानें वाळवंटांतल्या बर्फावर पात्र ठरावें, ह्यांतच आपल्याकडील व्यवस्थेवरची टीका आहे. एकाच हिवाळी ऑलिंपिकच्या दोन प्रकारांत थेट पात्र ठरणारा तो पहिला भारतीय. त्या तयारीसाठीं त्यानें स्वतःचें लग्नहि पुढें ढकललें होतें.

ही कथा कोल्हापूरच्या माणसाला ओळखीची वाटेल. ज्या १९५२ च्या हिवाळ्यांत ओस्लो येथें पहिली जायंट स्लालम झाली, त्याच वर्षाच्या उन्हाळ्यांत हेलसिंकी येथें खाशाबा जाधवांनीं कुस्तींत कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. १९४८ साली लंडनला जातांना कोल्हापूरच्या महाराजांनीं त्यांस हात दिला होता. १९५२ साली राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनीं आपलें घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, आणि गोळेश्वरच्या आसपासच्या लोकांनीं वर्गणी काढली. लंडनमध्यें खाशाबा सहावे आले होते, तेव्हां त्यांस कोणी हिणवलें असतें आणि खर्डेकरांनीं आपलें घर जपून ठेवलें असतें, तर हेलसिंकीचें पदक आलें नसतें. १ ऑगस्ट २०२४ रोजीं ह्याच जिल्ह्यांतील कांबळवाडीचा स्वप्निल कुसळे पॅरिस येथें नेमबाजींत कांस्यपदक घेऊन उभा राहिला, त्याच्याहि मागें अनेक वर्षांची अप्रसिद्ध मेहनत होती. पदक दिसतें, पदकाखालची पायरी दिसत नाहीं.

बीजिंगला जातांना आरिफ खानवर आणखी एक भार होता. २०२० साली गलवान खोऱ्यांत झालेल्या झटापटींतील एका चिनी लष्करी अधिकाऱ्यास चीननें ऑलिंपिकच्या मशालीचा मान दिला. भारत सरकारनें निषेध म्हणून आपला राजनैतिक प्रतिनिधि उद्घाटनास व समारोपास पाठविला नाहीं, आणि दूरदर्शननेंहि त्या समारंभांचें थेट प्रक्षेपण करावयाचें नाहीं असें ठरविलें. तो निर्णय राष्ट्राच्या मानाचा होता. पण ४ फेब्रुवारीच्या रात्रीं तिरंगा घेऊन मैदानांत चालत गेलेल्या त्या काश्मिरी तरुणाची स्थिति ध्यानांत आणावी. खेळाडू म्हणून तो एकटा. आणि ज्या देशाचा झेंडा त्याच्या हातीं, त्या देशाच्या घराघरांतून तो क्षण सरकारी पडद्यावर दिसणार नव्हता. राष्ट्रांच्या भांडणांत खेळाडूस बाजू निवडण्याची मोकळीक नसते. त्याला फक्त नीट चालत जावयाचें असतें. तो नीट चालत गेला.

१३ तारखेस पर्वतावर दाट हिमवर्षाव होत होता. येन्किंग येथें नैसर्गिक बर्फ थोडाच पडतो म्हणून यंत्रांनीं बर्फ तयार करून सारी वाट घातली होती. आणि नेमक्या शर्यतीच्या दिवशीं आभाळ फाटलें. समोरचें फाटक पुसट दिसावें, उतार कोठें उभा व कोठें मंद हें डोळ्यांस कळूं नये, अशी अवस्था. दुसरी फेरी उशिरां सुरू करावी लागली. ऐंशींहून अधिक खेळाडू सुटले होते. त्यांपैकीं निम्म्याच्या जवळपास शर्यत पुरी न करतां गळाले. कोणी घसरून पडलें, कोणाचें फाटक चुकलें. आरिफ खाननें पहिली फेरी १ मिनिट २२.३५ सेकंदांत आणि दुसरी १ मिनिट २४.८९ सेकंदांत पुरी केली. बेरीज २ मिनिटें ४७.२४ सेकंद. ओडेरमाटची बेरीज २ मिनिटें ९.३५ सेकंद. स्लोव्हेनियाचा झान क्रान्येट्स त्याच्यामागें अवघ्या एकोणीस शतांश सेकंदांनीं दुसरा, आणि फ्रान्सचा मात्यू फेव्र तिसरा. तीनच दिवसांनीं, १६ फेब्रुवारीस, स्लालमची शर्यत झाली. तींत पहिल्याच फेरींत आरिफ खानचें फाटक चुकलें आणि तो बाद झाला. एका दिवशीं वाट पुरी झाली, दुसऱ्या दिवशीं झाली नाहीं. ह्या खेळांत दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या पायांत असतात.

विजेता आणि पंचेचाळिसावा ह्यांच्यांत अंतर पडलें ३७.८९ सेकंदांचें. खेळाच्या जाणकारास हें अंतर मोठें वाटेल, आणि तें मोठें आहेच. तें लपविण्यांत अर्थ नाहीं. शर्यत पुरी करणाऱ्यांच्या यादींत आरिफ खान शेवटाकडचा होता, हेंहि खरें. कोणी म्हणेल, अशा माणसास तेथें पाठवून काय साधलें? जगांतील अव्वल खेळाडूंच्या मेळ्यांत केवळ हजेरी लावण्याला पुरुषार्थ म्हणावयाचें काय? आक्षेप बिनबुडाचा नाहीं, आणि गोड बोलून तो उडवूं नये.

परंतु ते ३७ सेकंद कशाचे बनले आहेत, हें उलगडून पाहावें. त्यांतले कांहीं आरिफ खानच्या पायांतील उणीवेचे आहेत. पण कांहीं सेकंद त्या हिमनद्यांचे आहेत ज्यांवर स्वित्झर्लंडचीं मुलें उन्हाळ्यांतहि धांवतात आणि काश्मिरचीं धांवूं शकत नाहींत. कांहीं सेकंद त्या शर्यतींचे आहेत ज्यांस जाण्यासाठीं तिकिटाचे पैसे नव्हते. कांहीं, मागाहून सुटणाऱ्याच्या वांट्यास आलेल्या चऱ्या पडलेल्या वाटेचे. ओडेरमाटच्या मागें त्याच्या देशाच्या गांवोगांवचे स्की-क्लब, शिक्षक, कारागीर आणि पिढ्यांचा सराव उभा आहे. तो एकटा धांवत नाहीं. आरिफ खान मात्र खरोखरच एकटा धांवत होता. दोघांची वेळ एकाच घड्याळानें मोजली गेली, हा खेळाचा धर्म. त्या वेळेचा अर्थ लावतांना मात्र दोघांच्या मागें काय होतें तें पाहणें, हा प्रेक्षकाचा धर्म आहे. ज्या दिवशीं जवळजवळ अर्धे खेळाडू वाटेंतच गळाले, त्या दिवशीं दोन्ही फेऱ्या उभ्या राहून पुऱ्या करणें ही केवळ हजेरी नव्हे. हजेरी घरबसल्याहि लागते.

शिवाय पुढचा प्रश्न अधिक कठीण आहे. हिमालयांतील बर्फाचा भरंवसा आतां पूर्वींसारखा राहिला नाहीं. फेब्रुवारी २०२५ मध्यें गुलमर्ग येथें व्हावयाचे ‘खेलो इंडिया’ हिवाळी खेळ बर्फ पुरेसा नसल्यामुळें मार्चपर्यंत पुढें ढकलावे लागले. ज्या नेमानें पडणाऱ्या बर्फावर एका दुकानदाराचा मुलगा ऑलिंपिकपर्यंत गेला, तो नेमच चुकूं लागला, तर पुढच्या मुलानें कोणत्या शाळेंत जावयाचें? यंत्रानें बर्फ करावा, उतार नीट राखावेत, शिक्षक तयार करावेत, मान्यताप्राप्त शर्यती आपल्याच देशांत भरवाव्यात, हीं कामें एका खेळाडूच्या आवांक्यांतलीं नव्हत. आणि हें केवळ काश्मिर-हिमाचलचें काम आहे असेंहि नव्हे. महाराष्ट्रांतील मुलामुलींनीं लेहच्या थिजलेल्या बर्फावर स्केटिंगमध्यें पदकें मिळविलीं आहेत. सपाटीवरचीं मुलें बर्फावर उभीं राहूं शकतात हें त्यांनीं दाखविलें. गडहिंग्लजच्या मैदानावर चेंडूमागें धांवणाऱ्या एखाद्या मुलाचे गुडघेहि त्या उताराला पुरे पडतील, कोणी सांगावें! मात्र त्याला तेथवर नेणारा एक खर्डेकर लागेल.

पंचेचाळिसावा क्रमांक हा अभिमानानें मिरवावयाचा तुरा नाहीं आणि लाजेनें झांकावयाचा डागहि नाहीं. तो मापाचा दगड आहे. येथून विजयाच्या फाटकापर्यंत किती अंतर उरलें आहे, हें त्यावर शतांश सेकंदांपर्यंत कोरलेलें आहे. इतके दिवस भारताला तेंहि नीट ठाऊक नव्हतें. दाट हिमांत, एकट्यानें, दोनदां उतरून एका माणसानें तें मोजून आणलें आहे; आतां तें अंतर तोडण्याचें काम त्याच्या एकट्याचें नाहीं.